१० टनी क्रेनचा वायर रोप: पाच तारा तुटल्या आहेत, बदलायचा का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. भोसरीतलं फॅब्रिकेशन शॉप, १० टनी डबल गर्डर ईओटी (छताखाली रुळांवर फिरणारी विजेची) क्रेन, चार फॉल (हुक रोपच्या चार ओळींवर लटकतो). रोप १६ मिमीचा, ६ × ३६ (सहा पेड, प्रत्येकात ३६ तारा), स्टील कोअरचा (मधला गाभा पोलादी). हुक ब्लॉकच्या पुलीजवळ येणाऱ्या भागात एकाच जागी पाच तारा तुटलेल्या दिसल्या, त्यातल्या तीन एकाच पेडात. तिथे व्हर्नियर १५.८ मिमी दाखवतो. मालक म्हणतात, रोपची ताकद सहापट आहे, पाच तारांनी काय बिघडतंय. फोरमन म्हणतो ग्रीस मारा आणि चालवा. क्रेन सर्व्हिसवाला म्हणतो आजच बदला.

माझं मत आधी सांगतो. नवीन रोपची ऑर्डर आज द्या. तो येईपर्यंत क्रेनवर पाच टनांच्या वर काही उचलू नका आणि ती जागा रोज सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी बघा. तुटलेल्या तारांपैकी दोन जरी पेडांच्या मधल्या खाचेत तुटल्या असतील, तर मात्र क्रेन आत्ताच बंद करा. असं का, ते आता नीट सांगतो, कारण पुढच्या वेळी हा निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

मालकांचा हिशेब चुकीचा नाही. १७७० ग्रेडचा (तारेची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमी) १६ मिमी रोप तुटायला साधारण १६१ किलोन्यूटन, म्हणजे सोळा टनांच्या वर ओढ लागते. १० टन माल अधिक हुक ब्लॉक चार फॉलवर वाटला की एका फॉलवर अडीच टनांच्या थोडं वर येतं. सहापट होते. शिवाय ६ × ३६ रोपच्या सहा पेडांत मिळून २१६ तारा असतात. त्यातल्या पाच गेल्या म्हणजे अडीच टक्केही तारा गेल्या नाहीत. आणि तुटलेली तार कायमची निकामी होत नाही. शेजारच्या तारांच्या घर्षणामुळे काही पिळांनंतर ती पुन्हा भार घ्यायला लागते. फक्त आजच्या ताकदीचाच विचार केला, तर पाच तारा तुटलेला रोप जवळजवळ नव्याइतकाच भार पेलेल.

तरीही तो काढायचा, कारण तुटलेली तार आपल्याला रोपचं वय सांगते. रोप पुलीवरून जाताना प्रत्येक तार वाकते आणि सरळ होते. असं हजारो वेळा झालं की तारेत बारीक चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस तार तुटते. त्या जागी जी तार पहिली तुटली, तिच्या शेजारच्या तारांनीही तेवढेच वाक सोसलेले असतात. त्याही त्याच टप्प्यावर आलेल्या असतात, फक्त अजून तुटलेल्या नसतात. म्हणून सुरुवातीला महिनोन्‌महिने एकही तार तुटत नाही, मग एक, मग दोन, आणि त्यानंतर आठवड्याला तीन-चार. हा वेग वाढायला लागला की रोपचं आयुष्य संपत आलं असं समजायचं, एकूण आकडा कितीही लहान असो. सहापट ताकद ठेवलेली असते ती झटका, वाकण्याचा ताण, झीज आणि जे दिसत नाही त्या सगळ्यासाठी. ती हळूहळू खर्च करण्यासाठी नसते. हे मालकांना असंच सांगा, त्यांना पटेल. ते आकड्यांनी विचार करतात हे चांगलंच आहे.

आता मोजण्याचा नियम. क्रेनच्या रोपसाठी जगभर आयएसओ ४३०९ हे मानक वापरतात. तुमच्या जातीच्या रोपसाठी, ऑर्डिनरी ले (पेडातल्या तारांचा पीळ पेडांच्या पिळाच्या उलट) असेल आणि ड्रमवर एकच थर गुंडाळला जात असेल तर, व्यासाच्या सहापट लांबीत ९ किंवा तीसपट लांबीत १८ तारा तुटलेल्या दिसल्या की रोप बाद. १६ मिमीसाठी ही लांबी ९६ मिमी आणि ४८० मिमी होते. क्रेनचा मेकॅनिझम क्लास (यंत्रणेवर किती कामाचा ताण येतो त्याचा वर्ग) एम५ किंवा त्याच्या वरचा असेल तर मानक याहून जास्त तारांची मुभा देतं, पण क्लास खात्रीने माहीत नसेल तर हेच आकडे धरा. लँग ले (दोन्ही पीळ एकाच दिशेने) रोप असेल तर आकडे निम्मे: ४ आणि ९. कोणता ले आहे ते डोळ्यांनी कळतं. ऑर्डिनरी लेमध्ये बाहेरच्या तारा रोपच्या लांबीला समांतर दिसतात, लँगमध्ये तिरप्या.

पण हे आकडे तारा इकडेतिकडे विखरून तुटल्या असतील तेव्हाचे. तुमच्याकडे पाचपैकी तीन एकाच पेडात आहेत. तुटणं एका-दोन पेडांत गोळा झालं असेल तर आकडा पूर्ण होण्याची वाट बघायची नसते. एक पेड अख्खा गेला तर रोपचा तोल जातो, बाकीचे पाच पेड एकदम झटका खातात आणि पीळ सुटायला लागतो. तुम्हाला ऑर्डर आज द्यायला सांगतोय त्याचं मुख्य कारण हे आहे.

खाचेबद्दल वर बोललो ते जरा उलगडतो, कारण बहुतेक जण इथे फसतात. पेडाच्या माथ्यावर तुटलेली तार पुलीला घासून किंवा वाकून तुटलेली असते आणि ती दिसते. दोन पेड एकमेकांना टेकतात त्या खाचेत तुटलेली तार बहुधा आतून तुटलेली असते: पेडावर पेड किंवा पेडावर कोअर घासून, खाच पडून. बाहेर एक दिसली म्हणजे आत आणखी असतील असं धरून चालायचं. एका ले लांबीत अशा दोन दिसल्या की रोप बाद. ले लांबी म्हणजे एका पेडाला रोपभोवती पूर्ण फेरा घ्यायला लागणारी लांबी, व्यासाच्या साधारण सहा ते साडेसहा पट. रोप जिथे अडकवलेला असतो, म्हणजे ड्रमच्या क्लँपजवळ किंवा सॉकेटच्या तोंडाशी, तिथेही दोन तुटलेल्या तारा पुरेशा आहेत. तिथे जागा असेल तर तेवढा तुकडा कापून टर्मिनेशन, म्हणजे टोकाची पकड, नव्याने करता येतं, पण तुमच्या रोपची दोन्ही टोकं ड्रमवर आहेत आणि लांबी आधीच नेमकी असते, त्यामुळे बहुतेक वेळा ते जमणार नाही.

तुटलेलं टोकही बघा. सपाट, काटकोनात, जणू कापल्यासारखं असेल तर थकून तुटलेली तार. टोकाजवळ निमुळती होऊन तुटली असेल तर जास्त ओढ बसली आहे, म्हणजे कुणीतरी ओव्हरलोड केलंय किंवा माल अडकलेला असताना ओढलाय. एका बाजूने पातळ, चाकूच्या धारेसारखी असेल तर झीज. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले तर रोप बदलण्याबरोबर काय दुरुस्त करायचं तेही कळतं.

आता व्यास. १५.८ म्हणजे १६ पेक्षा फक्त ०.२ कमी, काही हरकत नाही, असं तुमच्या फोरमनला वाटणं साहजिक आहे. पण १६ हा नाममात्र आकडा आहे. नवा रोप जवळपास कधीच बरोबर १६ भरत नाही, त्याला पाच टक्क्यांपर्यंत जास्त असण्याची मुभा असते. म्हणून नवीन रोप बसवला की हलका भार देऊन त्याचा खरा व्यास मोजून लिहून ठेवायचा. तुलना त्याच्याशी करायची. समजा नवा असताना १६.५ होता. स्टील कोअरच्या रोपची मर्यादा नाममात्र व्यासाच्या साडेसात टक्के घट, म्हणजे १.२ मिमी. तो १५.३ ला बाद होतो. नाममात्र १६ शी तुलना करणारा माणूस १५.३ बघून साडेचार टक्केही गेले नाहीत असं म्हणेल आणि बाद झालेला रोप चालवत राहील. फायबर कोअरला ही मर्यादा दहा टक्के, आणि न फिरणाऱ्या, म्हणजे रोटेशन रेझिस्टंट रोपला पाच टक्के.

तुमच्याकडे नवीन असतानाचा आकडा नाही, याची मला खात्री आहे, बहुतेक ठिकाणी नसतो. ड्रमवर जे दोन-तीन वेढे कधीच सुटत नाहीत तिथे मोजा. तो भाग कधी पुलीवर गेलेला नसतो. तिथे १६.४ मिळालं तर तुमची घट ०.६ मिमी, म्हणजे पावणेचार टक्के. मोजताना व्हर्नियरचे जबडे पेडांच्या माथ्यावर टेकले पाहिजेत, दोन पेडांच्या मधल्या सपाट भागावर नाही. रुंद जबड्याचा कॅलिपर घ्या आणि एकाच जागी काटकोनात दोनदा मोजा. दोन आकड्यांत मोठा फरक पडला तर रोप चपटा झालाय, तीही नोंद करा.

आणि हे सगळं वेगवेगळं बघायचं नसतं, एकत्र करायचं असतं. नऊपैकी पाच तारा म्हणजे मर्यादेच्या ५५ टक्के. पावणेचार टक्के घट त्या मानकाच्या तक्त्यात २० टक्के धरतात. बेरीज ७५. त्यावर थोडा गंज असेल तर आणखी काही. एकाच जागी बेरीज शंभरावर गेली की रोप बाद, प्रत्येक दोष स्वतंत्रपणे मर्यादेच्या आत असला तरी. एकेक गोष्ट 'अजून चालेल' म्हणून सोडून देणारी तपासणी या बेरजेत अडकते.

तपासायला जागा कोणत्या? अख्खा रोप सारखाच झिजत नाही. तुमच्या शॉपमध्ये माल रोज जवळजवळ त्याच उंचीवरून उचलला जातो. भार पहिल्यांदा बसतो त्या क्षणी पुलीवर रोपचा जो तुकडा असतो, तो सगळ्यात आधी थकतो. तुम्हाला तारा तिथेच सापडल्या, आणि रोप दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे दुसऱ्या अर्ध्या भागात त्याच अंतरावर बघा. तिथेही असणार. दुसरी जागा इक्वलायझर पुली (दोन्ही बाजूंची ओढ सारखी ठेवणारी), वर ट्रॉलीवर, रोपच्या बरोबर मधोमध. ती फारशी फिरत नाही म्हणून कुणी बघत नाही. रोप तिथे वर्षानुवर्षं एकाच जागी वाकून बसलेला असतो, पाणी आणि धूळ तिथे साठते आणि ग्रीस तिथपर्यंत पोहोचत नाही.

चाकण भागातल्या एका गॅल्व्हनायझिंग शॉपमध्ये मी तपासणीला गेलो होतो तेव्हा हुककडचा सगळा रोप स्वच्छ, काळाभोर, ग्रीस लावलेला होता. इक्वलायझर पुलीवरून रोप थोडा सरकवला तर खाचांमधून गेरूसारखी लाल पूड बाहेर आली. ढिल्या रोपला उलटा पीळ देऊन पेड उघडले तर आतल्या तारांवर खड्डे पडलेले होते आणि कोअर कुठे कुठे तुटलेला होता. पिकलिंगच्या (जस्त चढवण्याआधी लोखंड धुण्याच्या) ॲसिडची वाफ वरच जाते, क्रेनही वरच असते. ती लाल पूड दिसली की मी पुढे काही मोजत नाही, रोप काढायला सांगतो. आतला गंज मोजता येत नाही आणि बाहेरून कितीही ग्रीस मारलं तरी तो थांबत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात शेडच्या ज्या बेचे (गाळ्याचे) पत्रे गळतात, किंवा गँट्री उघड्यावर आहे, तिथे सप्टेंबर संपला की इक्वलायझर बघायचाच असा नियम करा.

तुमच्या शॉपसाठी आणखी एक खास धोका: वेल्डिंग. हुकला लटकवलेल्या जॉबवर वेल्डिंग करताना अर्थिंग नीट नसेल तर करंट हुक, रोप, क्रेन असा परत जातो. रोपवर निळसर-काळे ठिपके आणि वितळलेले छोटे खड्डे दिसतात. तिथली तार ठिसूळ झालेली असते. असा ठिपका दिसला की तारा मोजत बसू नका, रोप बाद. जॉब लटकलेला असताना वेल्डिंग करायचं नाही, हे शॉपमध्ये रंगवून लावा.

काही दोषांना आकडाच नसतो: रोपला पडलेली पक्की गाठ-मुरड, पिंजऱ्यासारखे फुगलेले पेड, बाहेर डोकावणारा कोअर, उष्णतेने निळा पडलेला भाग. दिसले की क्रेन थांबवायची. स्टील कोअरच्या रोपचा व्यास एखाद्या ठिकाणी पाच टक्के वाढलेला दिसला तरी तेच, आत काहीतरी सरकलेलं असतं.

तपासणी करताना पुली नायलॉनची आहे की स्टीलची तेही बघा. स्टीलच्या पुलीवर तारा आधी बाहेर तुटतात, म्हणून मोजता येतात. नायलॉनच्या पुलीवर बाहेरची झीज कमी होते आणि तारा आधी आत तुटू शकतात. सगळ्या पुली नायलॉनच्या असतील तर नुसत्या दिसणाऱ्या तारा मोजून निर्णय घेऊ नका.

ग्रीसबद्दल फोरमनशी वाद घालू नका, पण क्रम बदला. तेलपाणी रोपला हवंच. आतल्या तारा एकमेकींवर घासतात, त्यांना ते नसेल तर आयुष्य निम्म्याने घटतं असं मी प्रत्यक्ष पाहिलंय. पण जुन्या धुळीवर, धातूच्या कुसावर जाड ग्रीसचा थर चढवला तर ग्रीस आत जात नाही, घाण आत कोंडली जाते आणि तारा दिसेनाशा होतात. आधी वायर ब्रशने आणि केरोसीन लावलेल्या फडक्याने फक्त वरचा भाग पुसायचा. रोप केरोसीनमध्ये भिजवायचा नाही, आतलं तेल धुऊन जातं. मग तपासणी, आणि त्यानंतर आत झिरपणारं पातळ रोप ल्युब्रिकंट, शक्यतो पुलीवर रोप वाकतो त्या जागी, कारण तिथे पेड थोडे उघडतात.

आणि कृपा करून चालत्या रोपवर हातात फडकं धरून तुटलेल्या तारा शोधू नका. ही सवय भोसरी-चाकणमध्ये फार दिसते. तार फडक्यात अडकते, फडकं हाताला ओढतं आणि बोटं पुलीत जातात. हुक जमिनीवर टेकवा, रोप ढिला करा, मेन स्विच बंद करून कुलूप लावा, आणि टप्प्याटप्प्याने रोप पुढे घेऊन दर वेळी थांबवून बघा. ढिल्या रोपला हाताने थोडा बाक दिला की ताणात लपलेली तुटकी तारही वर उचलून येते. लेदर ग्लोव्ह्ज घाला. वर उभी राहिलेली तार दिसली तर ती पक्कडीने पुढे-मागे वाकवून खाचेजवळ तोडून टाका, नाहीतर ती शेजारच्या तारा कापत बसते. तोडलेल्या तारेची नोंद मात्र वहीत राहिली पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात मोजणारा ती धरणार नाही.

वही हवीच. ऑपरेटरने रोज नजर टाकायची. दर महिन्याला तुम्ही स्वतः मोजून लिहायचं: जागा, सहापट आणि तीसपट लांबीत तुटलेल्या तारा, व्यास, गंज, मोबाईलवर काढलेला फोटो. जागा ड्रमपासून मीटरमध्ये लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्याच ठिकाणी मोजेल. वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम २९ पासून चालत आलं आहे आणि ते किमान आहे. तुमच्यासारख्या दोन शिफ्टच्या शॉपला एवढ्यावर भागत नाही. वहीत तीन महिन्यांचे आकडे असतील तर तारा तुटण्याचा वेग दिसतो, आणि मालकांना बदलीचा खर्च आधीच सांगता येतो.

रोप बदलताना बरीच मेहनत वाया जाते, म्हणून थोडं त्याबद्दल. नवीन रोप जुन्या पुलीत घालण्याआधी पुलीचा ग्रूव्ह गेजने तपासा. जुना रोप बारीक होत गेला की ग्रूव्हही त्याच्या मापाने अरुंद होतो, आणि नवा, जाड रोप त्यात आवळला जातो. ग्रूव्हची त्रिज्या रोपच्या व्यासाच्या साधारण ०.५३ ते ०.५५ पट हवी. ग्रूव्हमध्ये जुन्या रोपच्या पेडांचे ठसे उठले असतील तर पुली मशीन करा किंवा बदला, नाहीतर तुमच्या नवीन रोपची पहिली तार लवकरच तुटेल आणि सगळे रोपवाल्याला दोष देतील. पुलीचं बेअरिंग हाताने फिरवून बघा. रोप ड्रमवर कडेला घासतोय का, रोप गाईड झिजलाय का, तेही त्याच दिवशी.

रोप मागवताना व्यास, बांधणी, कोअर, ग्रेड आणि पिळाची दिशा, पाचही लिहा. टेस्ट सर्टिफिकेट घ्या आणि क्रेनच्या फाईलला लावा. कमी पैशात कुणी 'जवळजवळ नवाच' वापरलेला रोप देत असेल तर घेऊ नका. तो किती वेळा वाकलाय ते कुणालाच सांगता येत नाही. रील स्टँडवर ठेवून फिरवत रोप सोडायचा, आडवं पाडून वेटोळी ओढायची नाहीत. मुरड बहुतेक वेळा इथेच पडते. कापण्याआधी दोन्ही बाजूंना बारीक तारेने घट्ट बांधून घ्या. बसवल्यावर लिमिट स्विच सेट करा, हलक्या भाराने काही फेऱ्या चालवा म्हणजे पेड आपल्या जागी बसतील, मग लोड टेस्ट. त्यानंतर व्यास मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

काढलेला जुना रोप अख्खा भंगारात देऊ नका. कुणीतरी त्याची स्लिंग (माल बांधून उचलायची दोरी) करतं आणि ती तुमच्याच शॉपमध्ये परत येते. एक-एक मीटरचे तुकडे करा. त्याआधी त्या पाच तारांच्या जागेचा अर्धा मीटर तुकडा वेगळा काढून व्हाइसमध्ये धरा, पेड उघडा आणि आत किती तारा तुटलेल्या आहेत ते मोजा. बाहेर पाच असताना आत किती होत्या, हा आकडा त्या क्रेनचा स्वतःचा असतो. तोही त्याच वहीत लिहा, म्हणजे पुढच्या रोपवर बाहेर तारा दिसायला लागल्या की आत काय चाललं असेल याचा अंदाज बांधायला तो हाताशी असेल.